नवीन पॅड टाकल्यावर कार्ड जास्तच तापायला लागलं, असं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणी वाचलं तरी कळेल. अकोला, मे महिना, खोलीत ४० डिग्री, आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, सेकंडहँड घेतलेलं. गेममध्ये कोअर ८१, हॉटस्पॉट ९४, १९५ वॉट, फॅन ८५ टक्क्यांवर बोंबलतायत. तू एक व्हिडिओ बघितलास, त्यात त्याच कार्डचं टेंपरेचर ६४ होतं, म्हणून कार्ड उघडलंस, चिप आणि तिच्यावरचा धातूचा हीटसिंक यांच्यामधली पेस्ट नवीन लावलीस आणि हात लागलाच आहे तर मेमरीवरचे उष्णता नेणारे मऊ पॅडही बदलले, सगळे २ एमएमचे. आता कोअर ८३, हॉटस्पॉट १०६, वीस मिनिटांत क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, १९०० मेगाहर्ट्झवरून १३५० वर येतो, कार्ड १३० वॉटच खातं आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) शंभरावरून साठावर. आणि विचारतोयस की दादा पेस्ट कुठली चांगली.

पेस्टचा यात काही दोष नाही रे. दादा म्हणालास म्हणून स्पष्टच सांगतो, तुझं कार्ड आधी आजारी नव्हतंच, तू ऑपरेशन केलंस आणि मग ते आजारी पडलं. चिडू नकोस, माझ्याकडे नागपुरात दर उन्हाळ्यात अशी पाच-सहा कार्डं येतात, पिशवीत हीटसिंक वेगळा, बोर्ड वेगळं, स्क्रू औषधाच्या डबीत.

आता तो व्हिडिओ घे. ज्याने बनवला त्याच्या खोलीत एसी असणार किंवा तो थंड देशात असणार, समजा २२ डिग्री. ६४ वजा २२ म्हणजे ४२. तुझं ८१ वजा ४० म्हणजे ४१. म्हणजे तुझ्या कार्डचा कूलर (हीटसिंक आणि फॅन) त्याच्या कूलरइतकंच काम करत होता, उलट एक डिग्री बरंच. हवेवर चालणारा कुठलाही हीटसिंक खोलीच्या खाली जाऊ शकत नाही, खोली वीस डिग्रीने तापली की कार्डही साधारण तेवढंच वर जातं. हेच कार्ड जानेवारीत बघितलं असतंस तर साठ-बासष्ट दिसलं असतं आणि तू शांत झोपला असतास. म्हणून कोणी मला नुसतं "कार्ड ८० ला जातंय" म्हटलं की मी पहिलं विचारतो, खोलीत किती आहे? साधा वायरवाला डिजिटल थर्मामीटर घे आणि त्याचं टोक कॅबिनेटच्या पुढच्या फॅनसमोर, जिथून हवा आत जाते तिथे धर. ताप मोजायचा नको, तो बेचाळीस-त्रेचाळीसला संपतो, आपल्याकडे मे महिन्यात तेवढं तर खोलीतच असतं.

दुसरा फरक कोअर आणि हॉटस्पॉटमधला. कोअर म्हणजे चिपचं सर्वसाधारण टेंपरेचर, हॉटस्पॉट म्हणजे चिपवर बरेच सेन्सर असतात त्यातला त्या क्षणी जो सगळ्यात गरम आहे तो. एनव्हिडियाच्या ३००० सिरीजला हे जीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो या दोन्ही प्रोग्रॅममध्ये दिसतं. पूर्ण लोडवर फरक दहा ते पंधरा असला की मी कार्ड उघडायच्या भानगडीत पडत नाही. वीसच्या वर गेला की संशय घेतो, तीसच्या आसपास असला की चिप आणि हीटसिंक नीट चिकटलेले नाहीत हे जवळपास नक्की. तुझा आधी १३ होता. म्हणजे आतली जुनी पेस्ट अजून व्यवस्थित काम करत होती. आता २३ आहे, आणि तोही १३० वॉटवर. हा फरक वॉटबरोबर वाढतो, कार्डला पूर्ण १९५ खाऊ दिले तर पस्तिशीच्या आसपास जाईल. (एएमडी कंपनीचं कार्ड असणाऱ्यांनी हॉटस्पॉट १०० दिसला म्हणून लगेच पाना घेऊ नका, एएमडीने आरएक्स ५७०० च्या वेळीच सांगितलं होतं की ११० पर्यंत त्यांच्या हिशोबात चालतं. पण फरकाचा नियम तिथेही लावा.)

तिसरी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. तू लिहिलंस "कोअर फक्त दोनच डिग्री वाढलाय". अरे, ते ८३ म्हणजे टेंपरेचर नाही, ती लक्ष्मणरेषा आहे. या कार्डचं टेंपरेचर टार्गेट कंपनीकडूनच ८३ ठेवलेलं असतं, तिथे पोचलं की कार्ड स्वतःहून क्लॉक आणि व्होल्टेज कमी करत जातं पण शक्यतो पुढे जात नाही. यालाच थ्रॉटल म्हणतात. त्यामुळे थ्रॉटल होणारं प्रत्येक कार्ड ८३ च दाखवतं, थोडं बिघडलेलं असो की पार बिघडलेलं. किती बिघडलंय ते क्लॉक आणि वॉटमध्ये कळतं. या कार्डचा बेस क्लॉक, म्हणजे कंपनीने ठरवलेला मूळ वेग, १४१० आहे आणि तुझं १३५० वर आलंय, बेसच्याही खाली, म्हणजे जीव मुठीत धरून चाललंय. जीपीयू-झेडच्या सेन्सर टॅबमध्ये परफकॅप रीझन म्हणून एक ओळ असते, तिथे आत्ता "थर्म" दिसत असणार. "पॉवर" किंवा "व्हीरेल" दिसलं तर ते नॉर्मल आहे, त्याला घाबरायचं नाही.

हिशोबच करून टाकू. आधी १९५ वॉटला खोलीपेक्षा ४१ वर, म्हणजे दर दहा वॉटला २.१ डिग्री. आता १३० वॉटला ४३ वर, म्हणजे दर दहा वॉटला ३.३. तुझ्या दुरुस्तीने कार्डचा कूलर दीडपटीहून जास्त नालायक झाला. हा आकडा कागदावर लिहून ठेव, पुढे जे काही करशील त्यानंतर परत काढ. नुसतं टेंपरेचर बघून "सुधारलं वाटतं" म्हणणाऱ्यांत मी पूर्वी होतो, एकदा एका गिऱ्हाइकाला रात्री गारव्यात टेस्ट करून कार्ड दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला फोन आला, तेव्हापासून सवय लागली.

मग बिघडलं कशाने? २ एमएमच्या पॅडने, माझी तशी जवळजवळ खात्री आहे. हीटसिंक एकाच वेळी तीन ठिकाणी टेकतो, मधे चिप, तिच्या बाजूला मेमरीच्या चिप्स, आणि पॉवरचे मॉसफेट आणि कॉइल. या सगळ्यांची उंची वेगवेगळी असते, म्हणून चिपवर पेस्ट आणि बाकीच्यांवर पॅड. कंपनी पॅडची जाडी अशी ठरवते की स्क्रू आवळले की हीटसिंक आधी चिपवर घट्ट बसेल आणि पॅड दाबले जातील. कुठे १ एमएम, कुठे दीड, कुठे २, एकाच कार्डवर दोन-दोन जाड्या असतात आणि त्याच नावाच्या कार्डच्या दोन वेगळ्या बॅचमध्येसुद्धा फरक सापडतो. तू सगळीकडे २ टाकलेस, त्यामुळे हीटसिंक आता पॅडवर उभा आहे आणि चिपच्या वर केसाएवढी फट राहिलीय, ती पेस्टने भरलीय. पेस्ट कितीही भारी असली तरी तिचं काम सूक्ष्म खळगे बुजवायचं, गादी व्हायचं नाही. त्यात भर म्हणजे पाकिटावर बारा-चौदा वॉट प्रति मीटर केल्विन (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) लिहिलेले पॅड बहुतेक कडक असतात, दाबलेच जात नाहीत. मोठा आकडा बघून लोक तेच घेतात. मी आठ वॉटचा पण मऊ पॅड कधीही घेईन.

उघडशील तेव्हा घाईने पुसू नकोस, आधी ठसा बघ. सगळा रोग तिथेच लिहिलेला असतो. चांगला टेकलेला हीटसिंक उचलला की चिपच्या मधोमध पेस्ट इतकी पातळ असते की खालचा आरसा दिसतो, आणि जास्तीची चारी बाजूंना बाहेर ढकललेली असते. तुझ्या चिपवर पेस्ट सगळीकडे जाड राखाडी दिसेल, वरच्या बाजूला पोळीला लोणी लावून उचलल्यासारखी टोकं उभी राहिलेली, तर समज की फट होती. एकाच कोपऱ्यात जाड असेल तर स्क्रू तिरके आवळलेत. पॅडवरही बघ, बरोबर जाडीच्या पॅडवर मेमरी चिपचा चौकोन हलकासा उठतो, कधीकधी चिपवरची अक्षरंसुद्धा. जास्त जाड पॅड चिपच्या कडेने फुगून बाहेर आलेला असतो.

जुने पॅड टाकून दिले नसशील तर सोन्यासारखे जपून ठेव. पॅडचा जो भाग चिपच्या बाहेर होता, दाबला गेला नव्हता, तिथे व्हर्नियरने जाडी मोज, तीच खरी. फेकले असतील तर पॅडच्या मागे न लागता सरळ थर्मल पुटी घे, मळलेल्या कणकेसारखी असते. मेमरीवर आणि मॉसफेटवर बोराएवढे गोळे ठेवायचे, हीटसिंक दाबला की जितकी फट असेल तितकीच पसरते, जाडीचा प्रश्नच संपला. गेली दोन वर्षं मी बहुतेक कार्डांना तीच वापरतो. चिपवर मात्र ती नाही, तिथे पेस्ट किंवा पीटीएम ७९५० ची शीट. ही शीट खोलीच्या तापमानाला प्लास्टिकसारखी असते आणि पंचेचाळीसच्या आसपास वितळून पसरते. ग्राफिक्स कार्डच्या उघड्या चिपवर साधी पेस्ट गरम-थंड, गरम-थंड होऊन हळूहळू कडेला सरकते आणि वर्षा-दीड वर्षात हॉटस्पॉट परत वर चढतो, शीटने तो त्रास फार कमी होतो. फक्त आपल्याकडे उन्हाळ्यात लावण्याआधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेव, नाहीतर प्लास्टिक काढताना फाटते आणि मग शिव्या देत बसायचं.

उघडतानाच्या दोन-तीन गोष्टी भराभर सांगतो. हीटसिंक सुटल्यावर झटक्याने ओढू नकोस, फॅनची आणि लाइटची बारीक वायर बोर्डाला लावलेली असते, तिचा सॉकेट उपटून आलेली कार्डं मी बघितलीत. स्प्रिंगवाले चार स्क्रू फुलीच्या क्रमाने, थोडे-थोडे. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, नेलपॉलिश रिमूव्हर नाही. लिक्विड मेटलचं, म्हणजे पेस्टऐवजी लावतात त्या पातळ धातूचं, नावही काढू नकोस, ॲल्युमिनियमला लागलं तर ते पोखरतं आणि बोर्डावर सांडलं तर शॉर्ट. बोर्डावर तेलकट डाग दिसले तर कपॅसिटर फुटला म्हणून घाबरू नकोस, जुन्या पॅडमधलं सिलिकॉन तेल असतं ते. तू कार्ड २०२२ च्या शेवटी घेतलंय ना, इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डं दिवसरात्र चालवून नाणी कमावणं) १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं आणि त्यानंतर मायनिंगची कार्डं बाजारात धो-धो आली, तुझं त्यातलंच असू शकतं. त्याने चिप काही लगेच मरत नाही, सुकलेले पॅड आणि झिजलेले फॅन हा खरा वारसा. मेमरीचं टेंपरेचर मात्र तुला बघता येणार नाही, जीडीडीआर६ प्रकारची मेमरी असलेल्या ३०६० टीआयमध्ये ते दिसतच नाही, जीडीडीआर६एक्स वाल्या कार्डांत दिसतं. म्हणून तिथे पॅड नीट बसवणं एवढंच आपल्या हातात.

आता मूळ दुखण्याकडे येऊ, म्हणजे तो ८५ टक्के फॅनचा आवाज. कार्ड निरोगी होतं पण त्याला मिळणारी हवा गरम होती. तुझ्या फोटोत कॅबिनेट टेबलाच्या खालच्या लाकडी कप्प्यात आहे, मागची फळी बंद, पुढे काचेचं पॅनल आणि शेजारी डेझर्ट कूलर. अख्खा पीसी गेममध्ये तीन-साडेतीनशे वॉट खातो, ती सगळी शेवटी उष्णताच होते, म्हणजे तू एका बंद कप्प्यात छोटा हीटर लावून ठेवलायस आणि मागून बाहेर पडलेली गरम हवाच परत पुढून आत जातेय. टेस्ट सोपी आहे. गेम चालू असताना साइड पॅनल काढ, दहा मिनिटं थांब. पाचपेक्षा जास्त डिग्री उतरले तर दोष कॅबिनेटच्या हवेचा. मग कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून परत कर, अजून उतरले तर दोष कप्प्याचा. काहीच फरक पडला नाही तरच कार्डकडे बघायचं. ही टेस्ट तू पाना हातात घेण्याआधी केली असतीस तर आज मी एवढं टाइप करत बसलो नसतो.

आणि तो डेझर्ट कूलर! पुण्या-मुंबईकडच्यांना हे कळायचं नाही, पण विदर्भात अर्ध्या पीसींचा काळ हाच आहे. कूलरसमोर पीसी ठेवला की थंड राहील असं वाटतं, आणि पहिले पंधरा दिवस राहतोही. पण ती हवा दमट असते आणि कूलर बाहेरची धूळही घेऊन येतो, ओली धूळ फिन्सवर, म्हणजे हीटसिंकच्या पातळ पत्र्यांवर, बसते आणि तिथेच वाळते. चंद्रपूरहून एक कार्ड आलं होतं, फॅन काढले तर खाली फिन्स दिसेचनात, करड्या रंगाची गोधडी. चिमट्याने एका कोपऱ्याला धरलं तर पूर्ण थर अखंड निघून आला, त्यावर फिन्सच्या रेघा इस्त्री केल्यासारख्या उमटलेल्या. पेस्ट बदललीच नाही मी, तेवढं काढून फॅन लावले आणि कार्ड परत दिलं. कूलर चालवायचा तर खोलीच्या खिडकीत चालव, एक दार उघडं ठेव, पण झोत पीसीवर नको.

धूळ उडवताना फॅनची पाती बोटाने धरून ठेव. हे मी माझ्या अकलेने शिकलो नाही. एकदा मित्राच्या पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने एका गिऱ्हाइकाचं कार्ड साफ करायला गेलो, फॅन विमानासारखा फिरला, एक पातं तुटून माझ्या कपाळाला लागलं, आणि वर नळीतून पाण्याचे थेंब आले ते वेगळेच. फॅनचे पैसे माझ्या खिशातून गेले. छोटा ब्लोअर पुरतो. फॅन बदलायची वेळ आली तर फॅनच्या मागच्या स्टिकरवर पार्ट नंबर असतो तो घेऊनच शोध, मुंबईला जाणारा कोणी असेल तर लॅमिंग्टन रोडला सांग, ऑनलाइन नुसतं कार्डचं नाव टाकून मागवलेला फॅन निम्म्या वेळा बसत नाही. बेअरिंगमध्ये डब्ल्यूडी-४० मारू नकोस, चार दिवस गप्प बसतो आणि मग आधीपेक्षा जास्त किरकिरतो. आणि डेस्कटॉपवर असताना फॅन फिरत नाहीत म्हणून घाबरू नकोस, साधारण पन्नास-साठ डिग्रीखाली ते मुद्दाम बंद ठेवलेले असतात.

यानंतरही मे महिन्यात आवाज कमी हवा असेल तर कार्डचा कूलर सुधारण्यापेक्षा वॉट कमी कर. तुझा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे असं लिहिलंयस आणि गेम १०० एफपीएसवर चालत होता, म्हणजे वरचे २५ तू बघतच नाहीस, फक्त त्यांची उष्णता भोगतोस. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट ७४ कर. फुकटचं औषध आहे आणि कोणीच घेत नाही. मेनूमध्ये तर काही गेम काहीच काम नसताना पाच-सातशे एफपीएस काढतात, कार्ड तिथेच तापून बसतं.

दुसरं अंडरव्होल्ट, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देणं. चिपचा विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो, १.०५ व्होल्टवरून ०.९ वर आलास की त्याच क्लॉकला साधारण पाव भाग वीज वाचते. एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्रॅम उघड, कंट्रोल आणि एफ दाब, वक्ररेषा येईल. ९०० मिलीव्होल्टचा ठिपका पकडून १८३० वर ने, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके तेवढ्यावरच सपाट कर, टिक दाब. मग बेंचमार्कवर विश्वास न ठेवता तुझा रोजचा गेम तासभर खेळ. क्रॅश झाला तर ९२५ कर. हे सगळं नीट चाललं की मगच विंडोजबरोबर आपोआप लागू होण्याचा पर्याय टिक कर, आधी केलंस आणि ते अस्थिर निघालं तर चालू झाल्या-झाल्या हँग होईल. माझ्या अनुभवात ३०६० टीआय यात दीडशे वॉटच्या आसपास येतं, एफपीएसमध्ये तुला फरक जाणवणार नाही. दर दहा वॉटला २.१ हा तुझा जुना हिशोब धरला तर ४५ वॉट म्हणजे नऊ-साडेनऊ डिग्री, आणि फॅनही खाली येतील. फरमार्क नावाच्या टेस्ट प्रोग्रॅमने टेस्ट करू नकोस, तो खऱ्या गेमपेक्षा वेगळाच भार टाकतो, त्याचे आकडे बघून उगाच परत पाना घेशील.

एक वेगळी केस सांगून ठेवतो कारण लोक गल्लत करतात. खेळताना एकदम स्क्रीन काळी, फॅन पूर्ण वेगात, पण तोवर टेंपरेचर सत्तर-पंचाहत्तरच असेल तर ते तापण्याचं दुखणं नसण्याचीच शक्यता जास्त, आधी एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) आणि त्याच्या वायरी बघ.

तुझ्यासाठी क्रम असा. कॅबिनेट आज रात्रीच कप्प्याबाहेर काढ आणि डेझर्ट कूलर दुसऱ्या भिंतीला ने. कार्ड दुरुस्त होईपर्यंत गेम ६० एफपीएसवर लॉक करून खेळ, पण १०६ हॉटस्पॉटवर तासन्‌तास नको. पुटी आणि शीट मागव, आली की उघड, उघडल्यावर चिप आणि हीटसिंक दोन्हींचा ठसा पुसण्याआधी उजेडात फोटो काढ. मग परत जोडून पॅनल लावून वीस मिनिटं खेळ आणि मला पाच आकडे पाठव: पुढच्या फॅनसमोरची हवा, कोअर, हॉटस्पॉट, वॉट, क्लॉक. आणि पेस्टचं नाव पाठवू नकोस.